सुलटा कप

तीन दिवसांच्या सहलीला कपडे लागतात किती? कुणाही शहाण्या माणसाला विचारा, तो सांगेल, खांद्याला अडकवायची एक पिशवी पुरे. नवऱ्याची तेवढीच होती. पडदेवालीची बॅग मात्र चाकांची, आणि चाकं असूनही ती ओढताना बसस्थानकाच्या फरशीवर असा खडखडाट होत होता, की पुढची माणसं आपणहून बाजूला सरत होती.

"दगड भरलेत का गं?" बॅग बसच्या पोटात ढकलताना नवऱ्याने विचारलं.

"शाल आहे," ती म्हणाली.

"शाल," तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला. बस स्थानकाच्या बाहेर पडायच्या आत त्याचा डोळा लागला. बसमध्ये बसला की झोपला, हे त्याचं आयुष्यभराचं.

शाल होती, खोटं नाही. शालीखाली थंडीचे सगळे कपडे होते, गोळ्यांचा मोठा डबा होता, जवळचा चष्मा, रोजच्या उशीचा अभ्रा, आणि तळाला फडक्यात गुंडाळलेली कापड बेतायची मोठी कात्री. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याबरोबर फिरायला निघालेली बाई कात्री कशाला नेईल? तर ती परत येणार नव्हती म्हणून. रविवारच्या बसमध्ये नवरा एकटाच बसणार होता. ही गोष्ट त्याला अजून कुणी सांगितली नव्हती, सांगायची तिनेच होती, आणि घोडं अडलं होतं ते तिथेच.

पडदेवाली हे काही तिचं नाव नव्हे. पण ज्या शहरात दोघं निघाली होती तिथे तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारलेली आठवत नाही. पडदे शिवून देणाऱ्या एका दुकानात ती कापड बेतायची. गिऱ्हाईकाच्या घरी जायचं, खिडकीकडे एकदा बघायचं आणि माप सांगायचं. टेप लावायची ती गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी. नवरा पावाच्या भट्टीवर. रात्री पीठ मळायचं, पहाटे पाव काढायचे. दोघांची उमेदीची वर्षं तिथेच गेली, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर दोघं लेकीच्या गावी जाऊन राहिली. इथवर सगळं चारचौघांसारखंच.

बिघडलं ते त्यानंतर. बिघडलं म्हणजे तरी काय, सांगायला गेलं तर हाताला काही लागत नाही. भांडण नाही, तंटा नाही. नवरा पीत नाही, आवाज चढवत नाही, पानात पडेल ते खातो. अशा माणसाला सोडून जाते म्हटल्यावर लोक तिलाच वेड्यात काढणार, हे तिलाही कळत होतं. पण लेकीच्या गावच्या त्या घरात दोघं दिवसभर समोरासमोर बसायची आणि बोलणं काय, तर गॅस बंद केलास का, गोळी घेतलीत का, नळ गळतोय. नळ दुरुस्त झाला आणि तेवढाही विषय गेला. असे महिने गेले आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला काही वाटेनासंच झालंय. दातांचा डॉक्टर इंजेक्शन देतो तेव्हा गाल जागेवरच असतो, हात लावला तर बोटांना लागतो, पण गालाला काही कळत नाही. तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. वाईटही वाटत नव्हतं, हीच खरी पंचाईत.

तशात दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. "नवीन पोरी मशीन झपाझप चालवतात, पण बेतायला बसवलं की सगळ्या खिडक्या वाकड्या. मागची खोली रिकामी आहे. येतेस?"

"येते," पडदेवाली म्हणाली.

नवरा समोरच बसून नखं कापत होता. "कुणाचा फोन?"

"मालकीणबाईंचा."

"बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

झालं. एक संसार मोडायचं ठरलं तेव्हा त्याच्या एका हाताची नखंसुद्धा कापून झाली नव्हती.

आणि त्याच आठवड्यात लेकीने ही सहल हातात ठेवली. लग्नाच्या वाढदिवसाची भेट. तुमच्याच जुन्या शहरात जायचं, आणि कुठे उतरायचं ते सरप्राइज. पडदेवालीने मनाशी म्हटलं, बरंच झालं, आयतं निमित्त. तिथेच सांगू, तिथेच राहू.

सरप्राइज असं होतं, की त्यांचंच जुनं घर. मालकाने ते रंगवून प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने द्यायला काढलं होतं, आणि लेकीने फोनवर फोटो बघताना ते ओळखलं होतं. दारावर कागद चिकटवलेला: "दार उघडताना मुठीला धरून थोडे वर उचलावे." नवऱ्याने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. एका हाताने दार उचललं, खांद्याने ढकललं, आत शिरला, चपला काढून डाव्या कोपऱ्यात सरकवल्या आणि दिव्याच्या बटणासाठी भिंत चाचपडायला लागला. बटण आता दुसऱ्या भिंतीला होतं.

"घर लहान वाटतं," दिवा लागल्यावर तो म्हणाला.

"सामान नाही. मोठं वाटायला हवं."

"ते पण खरं."

पडदेवालीची नजर आधी पडद्यांवर गेली. जायचीच. पांढरे, बाजारातून तयार आणलेले, आणि खाली दोन बोटं तोकडे. तिला राग यायला हवा होता. एरवी असला पडदा बघून ती दुकानात दिवसभर बडबडली असती. तिने नुसतं बघितलं आणि बॅग भिंतीला लावून ठेवली.

ओट्याशेजारची खिडकी मात्र होती तशीच, तिचा रुंद कठडाही तसाच. त्याच्यावर दुसरा कागद: "निघण्यापूर्वी भांडी धुऊन पालथी ठेवावीत. सफाईच्या बाई अकरा वाजता येतील." तो वाचून नवरा हसला. "म्हणजे या घरात आता कुणी कुणाला उठवायचं नाही," तो म्हणाला.

हे हसू कळायचं तर आधी त्यांचं कपांचं प्रकरण कळायला हवं. तो रात्रपाळीला, ती दिवसाची. तो पहाटे घरी यायचा तेव्हा ती झोपलेली. ती उठून आवरून कामाला जायची तेव्हा तो झोपलेला. संध्याकाळी ही जिना चढतेय आणि तो उतरतोय, अशी गाठ पडायची. लेक लहान होती तेव्हा तीसुद्धा जिन्यातच या हातातून त्या हातात जायची. मग एकमेकांना सांगायचं कधी? तर त्या कठड्यावर दोघांचे दोन कप असत. झोपण्याआधी आपला कप पालथा ठेवला तर अर्थ असा, की दमलोय, उठवू नका. सुलटा ठेवला तर, उठवा, बोलायचंय. आणि सुलट्या कपात चमचा उभा असेल तर काहीही होवो, कितीही गाढ झोप असो, उठवायचंच. कुणी शिकवलं नव्हतं, कधी ठरवलंही नव्हतं. आपोआप झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. लेकीला ताप आहे, घरमालक येऊन गेला, तुमचा भाऊ येतोय, सगळं त्या कपांनी सांभाळलं. शेजारपाजारचे म्हणायचे, काय गोडीने राहता हो. न राहून करतात काय? भांडायला दोन माणसं एका वेळी जागी लागतात.

त्या रात्री दिवा घालवल्यावर एक गंमत झाली. ती तोंड धुऊन आली, तर नवरा खिडकीकडच्या बाजूला आडवा झालेला.

"ही माझी बाजू," ती म्हणाली.

तो गडबडून उठला. "हो की," म्हणाला, आणि भिंतीकडे सरकला. वय झालं, विसरतो माणूस, असं मनाशी म्हणून तीही आडवी झाली. सांगायचं राहिलंच. उद्या सांगू.

दुसरा दिवस लग्नाच्या वाढदिवसाचा. सकाळी नवरा म्हणाला, भट्टीवर जाऊन येऊ. भट्टी आता विजेवर चालत होती, आतली माणसं ओळखीची नव्हती, पण बाहेर स्टुलावर जुना मुकादम बसलेला होता. काम सुटलं तरी त्याची सकाळ तिथेच जायची. दोघांना बघून त्याचं तोंड फुललं. आधी गुडघ्यांची चौकशी झाली, मग कोण गेलं आणि कोण राहिलं ते झालं. मग मुकादम पडदेवालीकडे वळला.

"वहिनी, तुमच्या या माणसासारखा माणूस नाही बघितला मी. दर वर्षी मालक म्हणायचे, आता दिवसपाळीला ये. लोक दिवसपाळीसाठी पाया पडायचे. आणि हा म्हणायचा, नको, माझी रात्रच बरी. आम्ही म्हणायचो, घरात बायको फार कडक असणार." आणि स्वतःच्याच विनोदावर तो खोकेपर्यंत हसला.

नवरा आपल्या चपलांकडे बघत होता. कानशिलं लाल झालेली.

"मला माहीत होतं," पडदेवाली म्हणाली.

नवऱ्याने मान वर केली. "काय माहीत होतं?"

"दिवसपाळीचं. यांच्या मंडळींनी तेव्हाच सांगितलं होतं, बाजारात."

मुकादमाला कुठे हात घातला ते कळलं असावं, कारण त्याने लगेच विजेच्या भट्टीला नावं ठेवायला सुरुवात केली. पावाला खरपूस वासच राहिला नाही म्हणाला. दोघांनी माना डोलावल्या.

आता हे बाजारातलं. लेक तेव्हा शाळेत जायला लागली होती. ऐकलं त्या दिवशी पडदेवालीचा हात कापडावर चालेना. दिवसपाळी मिळत असताना हा माणूस रात्र मागून घेतो? संध्याकाळी घरात माणूस असावं, जेवताना समोर कुणी बसावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते तिने आजवर तोंडाने मागितलं नव्हतं, कारण मिळण्यासारखं नाही अशी तिची समजूत होती. त्या रात्री तिने कप सुलटा ठेवला आणि चमचा घातला. सकाळी गजराने जाग आली. नवरा शेजारी भिंतीकडे तोंड करून झोपलेला आणि कठड्यावर तिचा कप पालथा. चमचा धुऊन बाजूला ठेवलेला. दुसऱ्या रात्री परत ठेवला, परत पालथा. तिसऱ्या रात्रीही तेच. मग तिने कानाला खडा लावला. त्यानंतर तिचा कप कायम पालथा राहिला. लेकीच्या तापाच्या गोष्टी ती फोनवर सांगायला लागली. तिने त्याला कधी विचारलं नाही, त्याने कधी काढलं नाही, आणि त्याच्यावर एवढी वर्षं निघाली.

दुपारी एका साध्या हॉटेलात जेवायला बसल्यावर तिने विचारलं. कसं कोण जाणे, पण आज विचारणं सोपं वाटलं. जायचंच ठरल्यावर भीड कसली?

"तेव्हा माझा कप तुम्ही पालथा का करायचात?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "कधी?"

"चमचा असायचा तेव्हा."

त्याने घास खाल्ला, पाणी प्यायला, आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवताना म्हणाला, "तू इतकी गाढ झोपलेली असायचीस. दिवसभर उभी राहून दमायचीस. उठवायचं जिवावर यायचं."

"जिवावर यायचं."

"हो."

तिने त्याच्याकडे बघितलं. साधा चेहरा, कपाळाला भट्टीच्या वेळचा जुना डाग. खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणजे दयाच. एवढी वर्षं तिला वाटत होतं, की त्याने तिला धुडकावलं, आणि इथे तो दया करून बसला होता. राग की समाधान, काहीतरी यायला हवं होतं. तिने वाट बघितली. आलं नाही. वेटर आला आणि ताटं उचलून घेऊन गेला.

जेवण झाल्यावर नवरा पडायला घरी गेला आणि ती मालकीणबाईंना भेटून येते म्हणून एकटी निघाली. दुकानात मशिनी वाढल्या होत्या, बेतायचं टेबल तेच होतं. मालकीणबाई आता काठी घेऊन चालत, पण तोंड तेवढंच खणखणीत. त्यांनी मागची खोली उघडून दाखवली. एक खाट, एक ओटा, एक उभी खिडकी. पडदेवालीने खिडकीकडे बघितलं आणि तिच्या मनाने न विचारता माप घेतलं. त्या दोन दिवसांत स्वतःहून झालेली ही पहिली गोष्ट.

"सांगितलंस त्याला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सांगते."

"कधी, बस सुटल्यावर खिडकीतून? अगं, चोरी करतेयस का? सांगून ये. न सांगता आलीस तर मी खोली देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. मला नंतर त्याचे फोन नकोत."

"आज सांगते," पडदेवाली म्हणाली.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. जावई मागून हात हलवत होता. लेक म्हणाली, दोघं जवळ बसा, फोटो काढते. दोघं तोकड्या पडद्याखाली खांद्याला खांदा लावून बसली. "बाबा, हसा की. आई, तू पण." दोघं हसली. लेकीला रडू आलं, म्हणाली, किती छान दिसताय. फोन बंद झाल्यावर दोघं थोडा वेळ तशीच बसून राहिली, कारण आधी कुणी सरकायचं ते कळेना.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

तोंड उघडं होतं, शब्द तयार होते, सगळी वाक्यं तिने मापाने बेतून ठेवली होती. जीभ हलेना. तो तिच्याकडे बघत होता, ऐकायला तयार असा, आणि त्याच्या त्या तयार असण्यानेच तिचं तोंड बंद झालं.

"काही नाही. सकाळच्या बसची तिकिटं वर काढून ठेवा."

"ठेवलीत," तो म्हणाला.

तो झोपायला गेल्यावर तिने दोन्ही कप धुतले. त्याचा पालथा ठेवला. आपला हातात घेऊन जरा उभी राहिली, मग कठड्यावर सुलटा ठेवला, चमचा घेतला आणि त्यात उभा केला. धातूचा आवाज झाला तेवढाच. उठवलं तर सांगेन, तिने ठरवलं. नाही उठवलं तर चिठ्ठी नाही, चपाटी नाही, मालकीणबाईंचं काय ते बघून घेईन, सरळ बॅग घेऊन जिना उतरेन. मग आडवी झाली आणि गोळीमुळे तिला झोपही लागली.

पायाला हात लागला तेव्हा बाहेर उजाडायला आलं होतं.

"ऊठ," नवरा म्हणाला. "कप सुलटा आहे."

ती उठून बसली. तो पायथ्याशी, खाटेच्या कडेवर बसला होता. आंघोळ झालेली, सदरा घातलेला. पलीकडे ओट्यावर त्याचा चहा तसाच गार पडलेला दिसत होता. म्हणजे तो बराच वेळ जागा होता. भट्टीवाल्याला पहाटेची झोप नसते.

"बोल," तो म्हणाला.

तिने आधी तेच विचारलं जे विचारायचं नव्हतं. "आज का उठवलंत?"

"चमचा होता."

"चमचा तेव्हाही होता."

"होता," तो म्हणाला. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले आणि हातांकडे बघत बोलायला लागला. "जिवावर यायचं, ते खोटं नाही. पण तेवढंच नव्हतं. मुकादमाच्या बायकोने तुला सांगितलं, ते त्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तू काय म्हणणार ते मला माहीत होतं. दिवसपाळी घ्या म्हणणार."

"मग?"

"मग मी घेतली असती. तू म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आणि मग संध्याकाळी दोघं घरात. जेवताना समोरासमोर. बोलायचं काय ते मला कळत नव्हतं. तू शहाणी, चार घरं फिरणारी. मी पिठातला माणूस. मला वाटलं, चार दिवसांत तुला माझा कंटाळा येईल. त्यापेक्षा जिन्यात भेटतोय तेच बरं."

 तो जे म्हणत होता ते बरोबर निघालं होतं, त्याला काय करणार? जिन्यातला संसार टिकला. समोरासमोरचा मोडायला आला होता.

"मी परत येत नाही," ती म्हणाली. "मालकीणबाईंकडे खोली आहे. बेतायचं काम आहे."

"कात्री आणलीस, तेव्हाच वाटलं."

"कात्री कधी बघितलीत?"

"बघितली नाही. ती बॅग मी दोनदा उचलली. शाल एवढी जड नसते." मग त्याने विचारलं, "यायचंच नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

जन्मभर तो सगळ्याला बरं म्हणत आला होता. गॅसवाल्याला, घरमालकाला, जावयाला. आत्ताही त्याच आवाजात म्हणाला. नंतर उठला आणि म्हणाला, "खिडकी आहे का खोलीला?"

"आहे."

"पडदा?"

"शिवेन."

तो मान हलवून चहा गरम करायला गेला.

बसस्थानकावर दोघं वेळेच्या खूप आधी पोचली. तिची बॅग घरीच होती, ती नंतर जाऊन नेणार होती. लेकीला काय सांगायचं यावर दोनच वाक्यं झाली. मी सांगतो, तो म्हणाला. नको, मीच सांगते, ती म्हणाली. बस लागली तेव्हा त्याने पिशवी खांद्यावर घेतली, एक पाय पायरीवर ठेवला आणि वळला.

"तुझी झोप मोडली आज," तो म्हणाला.

बस निघून गेली. ती पायीच परत आली. दार उचलून उघडलं. घर आवरायचं होतं, अकरा वाजायला फार वेळ नव्हता. खाटेवरची चादर घडी केली, दिवे घालवले, आपला कप धुऊन कागदाच्या हुकमाप्रमाणे पालथा ठेवला. मग त्याचा कप शोधला तर तो ओट्यावर नव्हता. कठड्यावर होता. धुऊन, पुसून, सुलटा ठेवलेला. आत चमचा.

ती जिन्यात उभी राहून त्याची वाट बघत होती तेव्हा केलं असणार. तिकिटं राहिली म्हणून परत आत गेला होता, तेव्हा.

ती कठड्याशी उभी राहिली. इंजेक्शनचा असर उतरायला लागतो तेव्हा पहिल्यांदा ओठाच्या कडेला मुंग्या येतात, आणि त्या बऱ्या वाटत नाहीत. तिला तसं झालं.  या माणसाला बोलायचं होतं आणि तो बसमध्ये झोपला असणार. गावाबाहेर पडायच्या आत झोपला असणार. त्याला उठवायचं कुणी? शेजारच्या सीटवर तर कुणी नाही.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली, बंद झाली. तिने परत लावला. परत. शेवटी त्याने उचलला, जड आवाजात.

"झोपलो होतो."

"माहितीये. म्हणूनच केला," ती म्हणाली. "चमचा होता. बोला."

पलीकडे बसची घरघर ऐकू येत होती. कुणाचं तरी पोर रडत होतं. 

"काही मोठं नाही," तो म्हणाला. "परवा तुझ्या बाजूला झोपलो ना मी, ते चुकून नव्हे. म्हणजे सवयीने. तेव्हा पहाटे यायचो, तू झोपलेली असायचीस. मी भिंतीकडे पडून राहायचो, तू जायची वाट बघत. दाराचा आवाज आला, की तुझ्या जागेवर सरकायचो. उशी गरम असायची. मग झोप लागायची. एक दिवस सोडला नाही. दिवसपाळी घेतली असती तर ते गेलं असतं."

पडदेवालीने खाटेकडे बघितलं. खिडकीकडची बाजू, घडी घातलेली चादर, वर ठेवलेली उशी. ती जाऊन तिथे बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं.

"हे आत्ता सांगताय," ती म्हणाली.

"तू आत्ता उठवलंस," तो म्हणाला.

दार उचलून ढकलल्याचा आवाज आला. सफाईच्या बाई बादली घेऊन दारात उभ्या होत्या. दार उचलावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. पडदेवालीने फोन कानाला धरूनच त्यांना हाताने जरा थांबा म्हणून खूण केली.

"पुढे बोला," ती म्हणाली.